अडीच किलो तांदळाचं बाळ

ये गो बाय, जवळ ये. अशी दारात उभं राहून बोलायची तुझी सवय कधी जायची? फोनवरसुद्धा तू दारात उभी असल्यासारखीच बोलतेस. "मावशी, घाईत आहे हां, वस्तीतलं शिकवणं परत सुरू करायला आमची कमिटी पैशासाठी अर्ज करतेय, तुम्ही काय काम करायचात ते चार ओळीत लिहा, खाली सही करा, मी कुणाला तरी पाठवते घ्यायला." चार ओळी! आणि घ्यायला कुणाला तरी पाठवणार. कुणाला तरी! स्वतः कधी येऊन गेलीस सांग बघू. मीच सांगते. गणपतीत आलीस, तेही चप्पल न काढता. मोदक हातावर घेतलास आणि जिना उतरलीस. मी तुला असं शिकवलं होतं?

रागावले नाही गो. रागावायला माणूस समोर लागतं.

तर चार ओळी काही होत नाहीत माझ्याच्याने. मुलाने दिवाळीत दिलेली जुनी डायरी काढली आहे, मागची पानं कोरी आहेत, त्यात लिहिते. तुझ्या कमिटीतल्या कुणाच्या हाती हे पडलं तर त्यांनाही कळावं, म्हणून पहिल्यापासून सांगते. मला शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन मी शिकले ते केसपेपरवर आणि औषधाच्या बाटल्यांवर. डॉक्टरांचं अक्षर वाचता येतं मला, आता बोल.

परळला लग्न होऊन आले ती याच खोलीत. आमच्या ह्यांची गिरणी बंद पडली, तशी मी जवळच्या प्रसूतिगृहात आया म्हणून लागले. तीस वर्षं केलं. पोर बाहेर आलं की पुसायचं, गुंडाळायचं, आईच्या अंगावर लावायचं. फरशी धुवायची. बाळंतिणीला पहिल्यांदा उभी करताना तिचं सगळं वजन आपल्या खांद्यावर घ्यायचं. हे पुस्तकात असतं का, मला माहीत नाही. माझा उजवा खांदा मात्र अजून उतरलेलाच आहे.

निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत तुमच्या मोठ्या बाई जिना चढून वर आल्या. युनिव्हर्सिटीत आईच्या आणि बाळाच्या तब्येतीचा जो दोन वर्षांचा कोर्स आहे, त्याच्या त्या मुख्य. कुणी नर्सिंग केलेल्या, कुणी आहारशास्त्र शिकलेल्या, अशा पोरी तिथे येतात आणि पुढे सरकारी कामात, संस्थांमध्ये जातात. बाई म्हणाल्या, "मावशी, माझ्या मुलींना सगळं येतं. फक्त कुणाच्या घरात शिरता येत नाही. शिकवाल?" एका ट्रस्टने कोर्सला पैसे दिले होते, त्यातून मला थोडं मानधन मिळणार होतं. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी, एका वेळेला सहा मुली आणि सोबत त्यांची एक शिक्षिका. मी म्हटलं, या.

तुझी तुकडी कितवी होती ते आठवत नाही, पण तुझा पहिला दिवस आठवतो. काळाचौकीला नेलं होतं तुम्हाला. नवव्या महिन्यातली सून, पलंगावर सासरे पेपर वाचताहेत, आणि तू आत शिरल्या शिरल्या वही उघडून खणखणीत आवाजात विचारलंस, "शेवटची पाळी कधी आली होती?" सासऱ्यांनी पेपर घडी केला, चष्मा काढला आणि गॅलरीत निघून गेले. सून जमिनीकडे बघायला लागली. सासू म्हणाली, "आमच्याकडे सगळं ठीक आहे." तू दुसरा प्रश्न विचारलास. "सगळं ठीक आहे." तिसरा विचारलास. "सांगितलं ना बाई, ठीक आहे." मी तुला मागून चिमटा काढला. तू "आई गं" म्हणून ओरडलीस, मग सासूला हसू आलं, आणि मी तेवढ्यात म्हटलं, "वहिनी, घोटभर पाणी मिळेल का हो?"

तिथून पुढचा अर्धा तास तू तोंड मिटून बसलीस. फार शहाणी दिसत होतीस.

परतताना तू फणकाऱ्याने विचारलंस, "तहान लागली होती तर बॅगेत बाटली होती ना माझ्या!" तेव्हा तुला सांगितलं ते आता परत सांगते, कारण तुझ्या कमिटीला ते लिहून हवंय. बाळंतिणीच्या घरात गेलं की चप्पल काढायची, बसायचं, आणि पहिलं पाणी मागायचं. बॅग उघडायची नाही. मागणारं माणूस लहान होतं आणि देणारं मोठं होतं, घरातली बाई आपल्यासमोर जरा सैल होते, ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे, पाणी कुठून येतं ते बसल्या जागेवरून दिसतं. पिंपावर झाकण आहे का, ओगराळ्याने काढलं का भांडंच बुडवलं, बुडवलं तर बोटं पाण्यात गेली का. आणि ते आणायला कोण उठतं ते बघायचं. पोट पुढे आलेली सूनच उठली, तर त्या घरात तिला कोण जपतंय ते विचारायलाच नको.

मग दोरीकडे बघायचं. दोरीवर लंगोट किती वाळताहेत ते मनात मोजायचं. बाळाला दूध पुरतंय का, हे आईला विचारलं तर ती हो म्हणते. सासूसमोर नाही म्हणायची तिची हिंमत आहे का? पण ओले लंगोट काही सासूला घाबरत नाहीत. आणि शेवटी, बाळाचं विचारायच्या आधी आईला विचारायचं, तू जेवलीस का.

त्या दिवशी ती सून रडली होती, आठवतं? कुणी विचारलंच नव्हतं तिला.

आणि ते बाळ. तुम्हाला पहिल्यांदा खरं मूल हातात कसं द्यायचं, म्हणून मी माझ्या जुन्या सुती साडीचं बाळ शिवलं होतं. खालच्या वाण्याकडून अडीच किलो तांदूळ तोलून आणले. धडाची एक पिशवी, डोक्याची छोटी पुरचुंडी वेगळी, आणि मधली मान मुद्दाम सैल ठेवली. हात नीट लावला नाही तर डोकं मागे पडायचं. तुमच्यातली एक म्हणाली, "मावशी, वाळू का नाही भरली? तांदूळ महाग!" मी म्हटलं, जरा वेळ अंगाशी धरून बस, मग विचार. तांदूळ अंगाच्या उबेने गरम होतात गो. दहा मिनिटं झाली तरी ती बाळ खाली ठेवेना. तुम्ही त्याला नाव पण ठेवलं होतं, ते इथे लिहीत नाही, तुमच्या एका सरांचंच होतं ते.

सात वर्षं असं चाललं. आता जे सांगायचंय ते सांगायला मी एवढं लांबण लावलं.

ट्रस्टने दिलेल्या पैशाची मुदत संपत आली होती आणि पुढच्या टप्प्याचे द्यायचे की नाही, हे ठरवायला तीन माणसं आली. एक बाई, दोन पुरुष. कॉलेज बघून झालं आणि मग माझी खोली. मी सकाळी उठून शिरा केला, काजू घातले, शेजारणीकडून बशा आणल्या. मोठ्या बाईंनी आदल्या दिवशी मला बजावलं होतं, "मावशी, विचारतील तेव्हा मोकळेपणाने सांगा, किती वेळ जातो, काय काय करावं लागतं. लाजू नका." मी हो म्हटलं होतं.

माणसं चांगली होती. जमिनीवर बसली. त्यातल्या एका साहेबांनी तांदळाचं बाळ हातात घेतलं, मान पडली, सगळे हसले. मग त्यांनी कागद बघून विचारलं, "आजी, ह्यात तुमच्या मानधनाची तरतूद दिसतेय. ती पुढेही लागेल ना?"

आणि मी म्हटलं, "छे हो साहेब, पैसे कसले? पोरी माझ्याच आहेत. त्या नाही आल्या तरी मी इथे अशीच बसलेली असते."

ते खूश झाले. त्या बाई म्हणाल्या, "किती सुंदर!" आणि काहीतरी लिहून घेतलं. तुमच्या मोठ्या बाई शिऱ्याच्या बशीकडे बघत राहिल्या. तू मोरीत कप विसळत होतीस, नळ चालू होता, तू ऐकलं नाहीस. मला माहीत आहे तू ऐकलं नाहीस, कारण नंतर सगळ्यांत जास्त तूच चिडली होतीस.

का बोलले मी असं? ते पण सांगते. प्रसूतिगृहात पोर झालं की नातेवाईक आयांना खुशी द्यायचे. कुणी नोट, कुणी नारळ, कुणी नुसता पेढा. काही आया मागून घ्यायच्या, अडवून पण घ्यायच्या, खोटं कशाला बोलू. मी कधी मागितलं नाही. पण एकदा, मी नवीनच होते, गिरगावातलं एक शिकलेलं घर होतं. मुलगी झाली होती. मी बाळ आजीच्या हातात दिलं आणि दुपट्याचं टोक घसरत होतं ते सावरायला हात पुढे केला. बाळाची आत्या फाटकन म्हणाली, "घ्या, लगेच हात पुढे! मुलगी झाली तरी सोडत नाहीत."

मी हात मागे घेतला. दुपटं तसंच लोंबकळत राहिलं.

तो हात मी तीस वर्षं मागेच ठेवला. भल्या माणसांसमोर पैशाची गोष्ट निघाली की माझं तोंड आपोआप म्हणतं, छे हो. त्या दिवशी पण तेच झालं. मला वाटलं मी माझ्यापुरतंच बोलतेय. माझं मानधन गेलं तर गेलं, पोरी येत राहतील.

दोन महिन्यांनी मोठ्या बाई आल्या. कोर्सला पैसे मिळाले होते. नवीन हॉल, रबराची बाळं, कॉम्प्युटर, सगळं मंजूर. फक्त वस्तीत शिकवायची बाब काढून टाकली होती. बाई म्हणाल्या, "त्यांचं म्हणणं, लोक हे आपण होऊन, आनंदाने करतात, मग त्याला तरतूद कशाला." मी म्हटलं, बरं ना मग, मी करतेच की. तेव्हा त्यांनी समजावलं. तुमच्यासोबत येणाऱ्या शिक्षिकेचा पगार त्याच बाबीत होता. तुमचं येणंजाणं त्याच बाबीत होतं. आणि शिक्षिका सोबत नसली तर युनिव्हर्सिटी मुलींना बाहेर पाठवत नाही. "एकाच ओळीत होतं सगळं, मावशी," एवढं म्हणाल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या.

तू मात्र फोन करून चिडलीस, "मावशी, काळीज नाही त्या लोकांना! वर्षानुवर्षं तुमच्याकडून काम करून घेतलं आणि आता हे!" आणि मी काय म्हटलं? "असू दे गो," म्हटलं. दोन वर्षं तू त्या माणसांना बोल लावतेस आणि मी असू दे म्हणते. त्यांची चूक नव्हती. त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं होतं.

त्यानंतरचे मंगळवार कसे गेले ते काय सांगू. आमच्या मजल्यावरच्या निम्म्या खोल्यांना कुलूप आहे. चाळ पाडून टॉवर होणार म्हणून कुणी डोंबिवलीला गेलं, कुणी मुलाकडे. मुलगा माझा विरारला, बोलावतो, पण त्याच्याकडे दिवसभर दार बंद असतं, जिन्यात पाऊलसुद्धा वाजत नाही. इथे निदान जिना आहे. दुपारी अडीचला मी अजून दाराशी बसते. पहिले काही महिने तर आठ कप चहाचं आधण ठेवायचे आणि दूध उतू जायच्या बेताला आलं की आठवायचं. मग एकटीने दोन कप प्यायचा आणि बाकीचा मोरीत.

बाळ ट्रंकेवर ठेवलेलं असतं. पहिल्याच वर्षी त्यात टोके झाले. टाके उसवले, तांदूळ काढले, गॅलरीत कागदावर उन्हात पसरले. कबुतरं यायला लागली तशी काठी घेऊन राखण करत बसले. पलीकडची शेजारीण, ती तेव्हा होती अजून, म्हणाली, "काकी, चाळून भात टाका की, चांगले आहेत." मला काही ते शिजवता येईनात. परत भरले, परत शिवलं. एका मंगळवारी टीव्ही बघता बघता मी त्याला मांडीवर घेतलं होतं. कधी घेतलं ते कळलं नाही. तांदूळ गरम झाले तेव्हा कळलं. लाज वाटली मला माझीच, उठून ठेवून दिलं.

हे सगळं एकटीचं रडगाणं आहे, ह्याला कोण पैसे देणार, असं वाटून तू मागितलेल्या चार ओळीसुद्धा मी लिहायला घेतल्या नव्हत्या. पण गेल्या महिन्यात जे झालं ते ऐक.

आमच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत एक भाडेकरू जोडपं राहायला आलं होतं. साताऱ्याकडचं. तिची पहिली वेळ, आईला यायला जमलं नव्हतं, नवरा लोअर परळला मॉलमध्ये कामाला. बाळ आठ दिवसांचं. मी एकदा डोकावले तर ती कौतुकाने म्हणाली, "फार शहाणं आहे हो आजी, रडतच नाही, नुसतं झोपतं." माझ्या मनात जरा खुट्ट झालं, पण म्हटलं आपण कशाला उगाच.

त्याच दुपारी एक मुलगी जिना चढून आली. गळ्यात तुमच्याच कोर्सचा बिल्ला. शिकून नुकतीच कुठल्याशा कामावर लागली असणार. माझं काळीजच हललं, बिल्ला बघून. ती "एक्स्क्यूज मी आजी" म्हणून माझ्यावरून पुढे गेली. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. दारातच उभी राहिली. मोबाईल काढला. "दूध पुरतं का?" "हो." "किती वेळा पाजता?" "रडलं की." "ताप वगैरे?" "नाही." "काही अडचण?" "नाही, सगळं ठीक आहे." "थँक यू ताई." झालं. परत माझ्यावरून गेली. गोड हसली पण.

सगळं ठीक आहे. मला एकदम काळाचौकीची सासू आठवली.

मी उठले. आता दोरीवर लंगोट नसतात, डायपर असतात, म्हणून मी कचऱ्याच्या डब्याकडे बघते. तिच्या दाराशी डबा होता. कालपासूनचा एकच डायपर. उचलून बघितला, हलका. आत गेले, बसले, म्हटलं, बाय, घोटभर पाणी दे. ती उठली तर भिंतीला धरून. मी विचारलं, "तू जेवलीस का गो?" तिने नकाराची मान हलवली. बाळाला घेतलं. ओठ कोरडे, तळव्यावर टिचकी मारली तर नुसतं तोंड वाकडं केलं, आवाजच नाही. शहाणं कसलं, त्याच्यात रडायचीसुद्धा ताकद उरली नव्हती.

टॅक्सीने मोठ्या हॉस्पिटलात नेलं. नवऱ्याला तिथूनच फोन केला. दोन दिवस सलाईनवर होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत." वाचलं पोर. आता ती माहेरी गेली आहे, टोकाच्या खोलीलाही कुलूप आहे.

त्या बिल्लेवाल्या मुलीला मी दोष देत नाही. तिने विचारायचं ते सगळं विचारलं. तिने हॉलमध्ये रबराचं बाळ उत्तम धरलं असेल. मी बघितलंय ते, तुमच्या समारंभाला बोलावलं होतं तेव्हा. बटण दाबलं की रडतं. पण जे बाळ रडत नाही ते कसं ओळखायचं, हे दाखवायला तिला इथे कुणी आणलंच नाही. आणि तिची इथे यायची वाट एका बशी शिऱ्यावर, गोड बोलून, मी बंद केली.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी हाच विचार करत होते. ट्रस्टच्या माणसांनी पुन्हा विचारलं तर काय सांगू?

तर हे घे. लिहून घे तुझ्या अर्जात. हे काम होतं. दोन दुपारी मुलींच्या, पण त्याआधीची सकाळ पण कामाचीच असायची, कारण कुठल्या घरी कोण बाळंत झालंय, कुणाच्या घरात सुतक आहे, कुठली सासू आज गावाला गेली आहे, हे मी आदल्या दिवशी फिरून काढायचे. जिने चढून. नुसत्या मायेने हे होत नाही, त्याला गुडघे लागतात. आणि मला मानधन हवं आहे. हो, मला. माझ्यानंतर जी बाई हे करेल तिला पण हवं. आणि सोबतच्या शिक्षिकेचा पगार वेगळ्या ओळीत लिहा, म्हणजे उद्या माझ्यासारखी कुणी म्हातारी छे हो म्हणाली, तरी मुलींचं येणं थांबणार नाही. हे वाक्य बदलू नकोस, असंच टाक.

माझ्यावर रागावायचं असेल तर रागाव. पण इथे येऊन रागाव.

वेगळ्या कागदावर नीट अक्षरात सगळं उतरवलं आहे आणि खाली सही केली आहे. ही डायरी तू पाठवशील त्या कुणातरीच्या हातात देते, पण तो सहीचा कागद देणार नाही, पोस्टातही टाकणार नाही. अर्जाची मुदत तुला माहीत आहे, त्याच्या आधी तूच ये. कालच बाळाचे जुने तांदूळ अखेर कबुतरांना घातले आणि वाण्याकडून नवे तोलून आणले. मान शिवायची राहिली आहे, सुईत दोरा जात नाही माझ्याच्याने. मंगळवारी ये, अडीचला. चप्पल काढ, बस, आणि पहिलं पाणी माग.